लायनस पॉलिंग : रेणूच्या बंधापासून रक्ताच्या थेंबापर्यंत

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील वसतिगृहांत विद्यार्थ्यांची आरोग्य तपासणी होते, तेव्हा बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर सिकलसेलची चाचणीही केली जाते. द्रावण गढूळ झाले की शंका घ्यावयाची आणि पक्क्या निदानासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिसकडे पाठवावयाचा, अशी ही रीत आहे. अहवालात एए, एएस किंवा एसएस अशी दोन अक्षरे येतात. आपल्या भागातील कितीतरी कुटुंबांना त्या अक्षरांचा अर्थ पाठ आहे; कित्येकांनी तो दुःखाने पाठ केलेला आहे. रक्ताची ही लिपी १९४९ साली ज्या प्रयोगशाळेत प्रथम वाचली गेली, तिचे प्रमुख होते अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग. ते वैद्य नव्हते. दोन अणू एकमेकांना कशाने धरून ठेवतात, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. त्या प्रश्नापासून निघून ते आपल्या रक्तापर्यंत कसे पोहोचले आणि तेथे पोहोचल्यावर त्यांच्या हातून कोणती गंभीर चूक झाली, हे दोन्ही आपल्या समाजाने जाणून घेण्यासारखे आहे.

पॉलिंग यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९०१ रोजी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे झाला. वडील हर्मन औषधविक्रेते होते. लायनस नऊ वर्षांचा असताना ते अकस्मात वारले. आई बेल हिच्या पदरी तीन मुले. तिने एक घर घेऊन त्यात भाडोत्री राहणाऱ्यांची जेवणाखाण्याची सोय करण्याचा व्यवसाय सुरू केला आणि त्यावर संसार रेटला. तिला स्वतःला रक्तक्षयाचा असाध्य समजला जाणारा विकार होता. मुलाने लवकर कमावते व्हावे, ही तिची अपेक्षा त्या परिस्थितीत गैर म्हणता येणार नाही. मुलगा मात्र तेराव्या वर्षी एका मित्राच्या घरी साखरेवर गंधकाम्ल ओतताच पांढऱ्या साखरेचा काळा कोळसा होताना पाहून आला आणि त्याच दिवसापासून रसायनशास्त्राचा झाला. बंद पडलेल्या एका धातुभट्टीतून त्याने रसायने आणली आणि घराच्या तळघरात प्रयोगशाळा मांडली.

शाळेने इतिहासाचे विषय पुरे झाले नाहीत म्हणून त्याला प्रमाणपत्र दिले नाही. ते न घेताच तो १९१७ साली कॉर्व्हालिसच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाला. १९१९च्या उन्हाळ्यात डांबरी रस्त्याच्या कामावर तपासनीस म्हणून राबून त्याने आईकडे पैसे पाठविले. ते खर्च झाले आणि पुढच्या वर्षाचे शुल्क भरता येईना. महाविद्यालयाने त्याला काढून टाकले नाही, उलट अध्यापकाची नोकरी देऊ केली. आदल्या वर्षी जो अभ्यासक्रम तो शिकला होता, तोच अठराव्या वर्षी तो इतरांना शिकवू लागला. पैशासाठी शिक्षण थांबलेल्या त्या वर्षात मिळालेल्या मोकळ्या वेळात त्याने लुईस आणि लँगम्यूर यांचे रासायनिक बंधावरील निबंध वाचले. बंधाचा प्रश्न त्याच्या मनात शिरला तो तेव्हा.

याच महाविद्यालयात शिकवताना वर्गातील विद्यार्थिनी एव्हा हेलन मिलर यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि १९२३ साली विवाह झाला. १९२५ साली कॅलटेक या संस्थेतून क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना शोधण्याच्या कामावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९२६ साली शिष्यवृत्तीवर ते युरोपात गेले, आणि त्याच वर्षी आई त्या रक्तविकाराने गेली.

युरोपात त्या सुमारास पुंजयामिकी नुकतीच जन्मली होती. इलेक्ट्रॉन हा केंद्रकाभोवती फिरणारा लहानसा गोळा नसून त्याचे वागणे लाटेसारखे असते, ही तिची मुख्य शिकवण. १९२७ साली हायटलर आणि लंडन या दोन तरुणांनी हायड्रोजनच्या दोन अणूंना बांधणारा बंध प्रथमच गणिताने दाखवून दिला. पॉलिंग यांनी ते सूत्र उचलले आणि मिथेनपासून बेंझिनपर्यंत सगळ्या रसायनशास्त्रावर चालवून पाहिले. १९३१ साली त्यांचा रासायनिक बंधाच्या स्वरूपावरील निबंध आला, १९३९ साली त्याच नावाचा ग्रंथ. विद्युतऋणतेचा जो तक्ता आज अकरावीचा विद्यार्थी पाठ करतो, तो त्यांनी १९३२ साली मांडलेला.

मात्र बंधाकडे पाहण्याची दुसरीही एक वाट त्याच वेळी तयार होत होती. हुंड, मलिकन आणि लेनार्ड-जोन्स हे तिचे प्रवर्तक. पॉलिंग यांच्या वाटेत दोन अणू आपापली ओळख राखून इलेक्ट्रॉनांची जोडी सामायिक करतात. या दुसऱ्या वाटेत इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूचा राहत नाही. तो सबंध रेणूचा होतो. आपल्याकडील मामा तलावाच्या स्थिर पाण्यात जवळजवळ दोन खडे टाकावेत. दोन्हींकडून निघालेल्या लाटा जेथे उंचावत भेटतात तेथे पाणी अधिक उंच होते. जेथे एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो तेथे पाणी सपाट राहते. दोन अणूंच्या इलेक्ट्रॉनलाटांचे तसेच होते. एका प्रकारच्या मिलनात दोन केंद्रकांच्या मध्ये इलेक्ट्रॉन दाटतो आणि केंद्रके बांधली जातात. त्याला बंधकारक कक्षक म्हणू. दुसऱ्या प्रकारात मधली जागाच रिती होते आणि केंद्रके एकमेकांपासून दूर लोटली जातात. तो बंधरोधक कक्षक. दोन अणुकक्षक एकत्र आले की हे दोन्ही तयार होतात. एक हवा आणि दुसरा नको, असे निवडता येत नाही.

यानंतरचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल इतका सोपा आहे. बंधकारक कक्षकांतील इलेक्ट्रॉन मोजावेत, त्यांतून बंधरोधक कक्षकांतील वजा करावेत आणि उरलेल्यांचे निम्मे करावे. हायड्रोजनच्या रेणूत दोनच इलेक्ट्रॉन, दोन्ही बंधकारक, बंध एक. हेलियमचे दोन अणू जवळ आणले तर दोन बंधकारक आणि दोन बंधरोधक, शिल्लक शून्य. म्हणून हेलियम एकटाच हिंडतो. नायट्रोजनच्या रेणूत बाहेरचे दहा इलेक्ट्रॉन आहेत, आठ बांधणारे आणि दोन तोडणारे, बंध तीन. हा तिहेरी बंध तोडायला एका मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या भट्टीत हवेबरोबर शिरलेला नायट्रोजन बहुतेक सगळा जसाच्या तसा धुराड्यातून बाहेर पडतो, आणि चारी बाजूंनी नायट्रोजनने वेढलेल्या धानालाही युरिया घालावा लागतो, तो याच बंधामुळे.

ऑक्सिजनची गोष्ट सर्वांत वेधक. त्याच्या रेणूत बाहेरचे बारा इलेक्ट्रॉन, आठ बांधणारे, चार तोडणारे, बंध दोन. इथपर्यंत ठिपके मांडून बंध काढण्याची शाळेतील रीतही तेच सांगते. परंतु द्रवरूप ऑक्सिजन बलवान चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला तर तो तेथेच चिकटून राहतो. ठिपक्यांच्या चित्रात सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले असतात आणि जोडीतल्या दोघांचे चुंबकत्व एकमेकांना मारते; मग हे चुंबकत्व आले कोठून? रेणुकक्षकांच्या हिशेबात उत्तर आपोआप मिळते. शेवटच्या दोन इलेक्ट्रॉनांसाठी सारख्याच ऊर्जेचे दोन बंधरोधक कक्षक रिकामे असतात. एसटीत दोन बाके मोकळी असली की अनोळखी प्रवासी वेगवेगळ्या बाकांवर बसतात, तसे हे दोघे एकेकटे बसतात. त्यांची जोडी जमत नाही, म्हणून ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो. लेनार्ड-जोन्स यांनी १९२९ साली हे स्वच्छ मांडले. पॉलिंग यांनाही हे चुंबकत्व ठाऊक होते आणि तीन-तीन इलेक्ट्रॉनांच्या बंधांची कल्पना करून त्यांनी त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला होता. पण सरळपणा दुसऱ्या वाटेकडे होता आणि काळानेही पुढे तिलाच अधिक कौल दिला. पॉलिंग आपली वाट सोडायला अखेरपर्यंत फारसे तयार झाले नाहीत. हट्ट हा त्यांचा स्वभाव होता. त्याने त्यांना पुष्कळ दिले आणि पुष्कळदा अडचणीतही आणले.

ऑक्सिजनच्या चुंबकत्वाचा उपयोग मात्र त्यांच्याइतका कोणी केला नाही. १९४० साली पाणबुडीतील हवेत ऑक्सिजन किती आहे हे सतत दाखवणारे साधन सैन्याला हवे होते. पॉलिंग यांनी काचेचे अगदी लहान डंबेल बारीक तंतूला टांगून चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवले. भोवतीच्या हवेत ऑक्सिजन कमीजास्त झाला की ते किंचित वळते. युद्धानंतर हे उपकरण अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवण्याच्या पेटीत बसवले गेले.

त्याही आधी, १९३६ साली, चार्ल्स कॉरिएल यांच्यासह त्यांनी रक्तच चुंबकाजवळ नेले होते. शिरेतून परतणारे, ऑक्सिजन सोडून आलेले रक्त चुंबकाकडे ओढले जाते. फुप्फुसातून ताजा ऑक्सिजन घेतलेले रक्त ओढले जात नाही. गंमत अशी की ऑक्सिजन स्वतः चुंबकीय, हिमोग्लोबिनमधील लोहही चुंबकीय, आणि दोघे भेटले की चुंबकत्व नाहीसे! एकेकट्या इलेक्ट्रॉनांना जोड्या मिळाल्या, याचा तो पुरावा होता. ऑक्सिजन रक्तात नुसता विरघळत नाही, लोहाशी खराखुरा बंध जोडतो, हे त्यावरून ठरले. कार्बन मोनॉक्साइड हाही दोन अणूंचाच रेणू, बाहेरच्या दहा इलेक्ट्रॉनांचा, नायट्रोजनचा जुळा भाऊ म्हणावा असा. तो त्याच लोहाला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा या कोळशाच्या पट्ट्यातील वाचकांना या वायूची ओळख करून द्यायला नको. थंडीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नये, हे घरातले जाणते लोक सांगतात ते यासाठीच.

१९४५ साली एका वैद्यकीय समितीच्या कामानिमित्त पॉलिंग यांची विल्यम कॅसल या डॉक्टरांशी गाठ पडली. पॉलिंग यांच्या आईला ज्या रक्तविकाराने नेले, त्याच विकारावर कॅसल यांनी मोठे संशोधन केलेले होते. बोलता बोलता त्यांनी सिकलसेलचा विषय काढला : या रोग्यांच्या तांबड्या पेशी शिरेतील रक्तात विळ्यासारख्या वाकतात आणि फुप्फुसात गेल्या की पुन्हा गोल होतात. ऐकणारा दुसरा कोणी असता तर पेशीचा विचार करत बसला असता. दहा वर्षे ऑक्सिजन आणि लोह यांच्या बंधाशी झुंजलेल्या पॉलिंग यांच्या मनात लगेच आले की दोष पेशीत नसावा, हिमोग्लोबिनच्या रेणूत असावा.

हे काम त्यांनी हार्वे इटानो या तरुण डॉक्टरकडे सोपवले. इटानो यांची कथा थोडी थांबून सांगण्याजोगी आहे. ते जपानी वंशाचे अमेरिकन. १९४२ साली ते बर्कली विद्यापीठात सर्वोच्च पदकाचे मानकरी ठरले, पण पदक घ्यायला जाऊ शकले नाहीत. केवळ वंशामुळे सरकारने त्यांना कुटुंबासह छावणीत डांबले होते. पॉलिंग दांपत्यालाही त्या द्वेषाची झळ लागली होती. १९४५ साली त्यांनी एका जपानी वंशाच्या माणसाला बागकामाला ठेवताच कोणीतरी रात्री त्यांच्या गॅरेजवर शिवीगाळ रंगवून गेले. जन्मावरून माणूस ठरवणाऱ्या समाजाने छावणीत टाकलेल्या माणसाच्या हातून पुढे रक्ताचा हा उलगडा झाला.

इटानो यांना प्रथम काहीच फरक सापडेना. मग सिंगर आणि वेल्स यांच्या साहाय्याने हिमोग्लोबिनच्या द्रावणातून वीज सोडण्यात आली. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन एका ध्रुवाकडे सरकले आणि रोग्याचे दुसऱ्याकडे. दोन्ही रेणूंवरील विद्युतभार निराळा होता. ज्यांना आजार नाही, पण ज्यांच्या घरात तो आहे, अशा वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार मिसळलेले आढळले. एए, एएस, एसएस ही आपली अक्षरे येथून निघाली. नोव्हेंबर १९४९ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूच्या घडणीत आहे, असे जगात प्रथमच सिद्ध झाले होते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारांत एक असते, हा हिशेबही त्याच सुमारास पक्का झाला.

रेणूत नेमके काय बदलते, हे केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी शोधले. त्यांचा पहिला निबंध १३ ऑक्टोबर १९५६ रोजी छापून आला. दुसऱ्याच दिवशी नागपूरला आणि तिसऱ्या दिवशी, १६ तारखेला, चांद्याला काय घडले, ते या स्मरणिकेच्या वाचकांना सांगणे नको. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, केवळ पंचांगाचा योगायोग. हिमोग्लोबिनच्या ५७४ अमिनो आम्लांच्या माळेत दोन साखळ्यांतील सहाव्या जागेचा एकेक मणी तेवढा बदललेला असतो. एवढ्याशा बदलाने ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या कांड्या होतात, पेशी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. थंडीच्या रात्री सांधे धरून कळवळणारे मूल ज्या अधीक्षकांनी, ज्या आईबापांनी पाहिले आहे, त्यांना याहून अधिक वर्णन नको. मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा नागपूरच्या डॉक्टरांचा निबंध १९५८ साली आला. आज आपल्याला माहीत आहे की पूर्व विदर्भातील गोंड, माडिया, परधान अशा आदिवासींत आणि आपल्या बौद्ध समाजातही वाहकांचे प्रमाण मोठे आहे.

मधल्या काळात पॉलिंग यांचे आयुष्य दुसऱ्याच आघाडीवर गेले. अणुबॉम्बच्या चाचण्यांतून पडणारी किरणोत्सारी धूळ न जन्मलेल्या मुलांपर्यंत पोहोचते, हे एव्हा हेलन यांच्या आग्रहाने ते जाहीरपणे सांगू लागले. त्यापायी १९५२ साली त्यांना पारपत्र नाकारले गेले. १९५४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९५८ साली अकरा हजारांहून अधिक वैज्ञानिकांच्या सह्यांचे चाचणीबंदीचे आवाहन त्यांनी संयुक्त राष्ट्रांना दिले. १९६० साली सिनेटच्या उपसमितीने सह्या गोळा करणाऱ्यांची नावे मागितली. तुरुंगाची भीती असूनही त्यांनी ती दिली नाहीत. १० ऑक्टोबर १९६३ रोजी अंशतः चाचणीबंदीचा करार अमलात आला आणि त्याच दिवशी त्यांना १९६२चे शांततेचे नोबेल जाहीर झाले. दोन नोबेल, दोन्ही एकट्याने मिळवलेली, असा माणूस त्यांच्याशिवाय आजवर झालेला नाही. त्यांच्या जुन्या शाळेनेही अखेर १९६२ साली त्यांना ते राहिलेले प्रमाणपत्र देऊन टाकले.

आणि आता ती चूक. १९६८ साली एका विधी नियतकालिकात पॉलिंग यांनी सुचवले की सिकलसेलच्या वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू दुःख टाळण्याचा होता, यात संशय नाही. पण कपाळावर खूण बाळगणे म्हणजे काय, हे त्यांना कळत नव्हते. आपल्याला कोणी समजावून द्यायला नको. अमेरिकेत हा आजार मुख्यत्वे काळ्या लोकांत होता. १९७०च्या सुमारास काही राज्यांनी सक्तीच्या तपासण्यांचे कायदे केले, तेव्हा पूर्ण निरोगी वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारण्यात आला. रेणूतील दोष माणसाच्या माथी मारला गेला. रोग रेणूत आहे, असे जगाला शिकवणाऱ्यानेच हे सुचवावे, ही खेदाची गोष्ट आहे आणि त्यांच्या थोरवीपुढे ती झाकून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

खरे तर त्याच्या चौदा वर्षे आधीच, १९५४ साली, अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले होते की सिकलसेलच्या वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. जेथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या नांदला तेथे हे जनुक टिकले. भामरागड-एटापल्लीच्या जंगलात डासांनी काय केले आहे, हे ठाऊक असणाऱ्याला ते लगेच पटेल. या जनुकाचा संबंध जातीशी नाही, कुळाच्या पापपुण्याशी नाही. तो आपल्या पूर्वजांनी सोसलेल्या तापाशी आहे. म्हणून आपल्या गावात तपासणी लपवून ठेवण्याचे, किंवा एएस मुलीचे स्थळ परस्पर नाकारण्याचे प्रकार ऐकू येतात, तेव्हा वाईट वाटते. वाहक आजारी नसतो. दोन वाहकांनी लग्नाआधी आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढीच गोष्ट आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्यात सात कोटी लोकांची तपासणी करून प्रत्येकाला त्याचे कार्ड देण्याचे ठरले आहे.

पॉलिंग यांची शेवटची वीस-पंचवीस वर्षे जीवनसत्त्व ‘क’च्या प्रचारात गेली. मोठ्या मात्रेने सर्दी आणि कर्करोगही हटतो, हे त्यांचे म्हणणे पुढील चाचण्यांत टिकले नाही. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. एव्हा हेलन १९८१ साली वारल्या. १९ ऑगस्ट १९९४ रोजी कॅलिफोर्नियातील समुद्रकाठच्या आपल्या घरी त्यांचे निधन झाले. ज्या कृषी महाविद्यालयाने शुल्क नसलेल्या मुलाला अध्यापकाची जागा दिली होती, ते आता ऑरेगन राज्य विद्यापीठ आहे. दोघा पतिपत्नींची सगळी कागदपत्रे त्यांनी त्यालाच दिली. त्यांत पॉलिंग यांच्या हस्ताक्षरातील ४६ संशोधन-वह्या आहेत आणि त्या आता संगणकावर कोणालाही पाहता येतात.